लाल सिग्नल आणि रिकामा रूळ: ट्रॅक सर्किट बिघाडाची गोष्ट

पावसाळ्यात लोकलने जाणाऱ्यांना ‘तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत’ ही घोषणा काही नवी नाही. ‘तांत्रिक बिघाड’ हे एक मोठं पोतं आहे. त्यात ओव्हरहेड वायर तुटणं येतं, पॉइंट अडकणं येतं, आणि बऱ्याचदा एक असा बिघाड येतो ज्याचं नाव प्रवाशाच्या कानावर क्वचितच पडतं: ट्रॅक सर्किट फेल. पुढचा रूळ रिकामा असतो, पण यंत्रणेला वाटतं की तिथे गाडी उभी आहे, म्हणून सिग्नल लाल. गाडी थांबते, मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते, आणि दारात लटकलेले लोक घड्याळ बघत बसतात.

मी मूळचा फिजिक्सचा, आणि पीएचडीचं काम रेल्वे सिग्नलिंगच्या सिम्युलेशनवर करतो. ‘म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरवर आगगाडी आगगाडी खेळतोस का?’ असं घरचे विचारतात. थोडंफार तसंच आहे. फक्त माझ्या खेळात गाड्या वेळेवर पोचवणं हा मुद्दा नाही, काहीतरी बिघडल्यावर माणसं काय करतात हा आहे. आणि तो प्रश्न नीट मांडायचा तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. म्हणून आज कोड कमी आणि इतिहास जास्त.

आधी वस्तू समजून घेऊ. रुळाचा एक तुकडा घ्या, शेजारच्या तुकड्यांपासून इन्सुलेशन घालून वेगळा केलेला. त्याच्या एका टोकाला दोन रुळांमध्ये थोड्या व्होल्टची बॅटरी जोडा आणि दुसऱ्या टोकाला रिले. तुकडा रिकामा असेल तर बॅटरीचा प्रवाह एका रुळातून जातो, रिलेतून फिरतो, दुसऱ्या रुळातून परत येतो. रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि आस दोन रुळांना थेट जोडतात. प्रवाहाला जवळचा रस्ता मिळतो, रिलेपर्यंत काहीच पोचत नाही, रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. संपलं. शाळेतल्या प्रयोगवहीत मावेल इतकं साधं आहे.

यातली हुशारी कुठे आहे बघा. बॅटरी उतरली तर? रिले पडतो, सिग्नल लाल. तार तुटली? लाल. रुळाला तडा जाऊन तो वेगळा झाला? तरी बहुतेक वेळा लाल. म्हणजे वस्तू बिघडली की ती ‘गाडी आहे’ असंच म्हणते. खोटं बोलते, पण ज्या बाजूला खोटं बोलल्याने कुणी मरत नाही त्या बाजूला.

ही कल्पना विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी इंजिनिअरची, आणि ती त्याला पहिल्याच झटक्यात सुचली नव्हती. १८७० च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ या गावी त्याने आपोआप चालणारा सिग्नल बसवला होता. तो उलट्या तत्त्वावर होता: गाडी आत शिरताना सर्किट जुळायचं आणि सिग्नल धोका दाखवायचा, बाहेर पडताना पुन्हा जुळायचं आणि सिग्नल मोकळा व्हायचा. चालायचा छान. पण रॉबिन्सनला त्यातली भोकं दिसायला लागली. त्या काळी चालत्या गाडीचे डबे मधूनच सुटणं हे नवल नव्हतं. पुढचा अर्धा भाग बाहेर पडला की सिग्नल मोकळा, आणि मागचे डबे अजून आतच! शिवाय तार तुटली की धोका दाखवणारच कुणी नाही. मग त्याने सगळं उलटं केलं. प्रवाह कायम वाहता ठेवायचा आणि गाडीने तो फक्त अडवायचा. या बंद सर्किटाचं पेटंट त्याला २० ऑगस्ट १८७२ रोजी मिळालं. पुढे जॉर्ज वेस्टिंगहाउसने त्याची कंपनी आपल्यात घेतली आणि ही पद्धत अमेरिकाभर गेली.

ब्रिटनमध्ये मात्र गोष्ट रेंगाळली. तिथे केबिनमनवर फार विश्वास होता. दोन केबिनांमध्ये घंटेच्या खुणा करून गाडी पाठवायची आणि कोणती गाडी कुठे आहे हे केबिनमनने लक्षात ठेवायचं. तो विसरला तर? त्यावर नियम होता, प्रसिद्ध ‘रूल ५५’. सिग्नलपाशी अडकलेल्या गाडीतल्या कुणीतरी चालत केबिनमध्ये जायचं आणि सांगायचं, बाबा रे, आम्ही तिकडे उभे आहोत. थंडीपावसात, अंधारात, ‘आता सिग्नल पडेलच’ असं वाटत असताना हा नियम किती वेळा पाळला जात असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

२४ डिसेंबर १९१० च्या पहाटे, उत्तर इंग्लंडमधल्या हॉज जंक्शनला नेमकं हेच झालं. केबिनमनने दोन सुट्या इंजिनांना मेन लाइनवर सिग्नलपाशी थांबवलं आणि कामाच्या गडबडीत तो त्यांना विसरला. इंजिनवाल्यांनीही येऊन आठवण केली नाही. मग एक्सप्रेस आली, केबिनमनने तिच्यासाठी सिग्नल पाडले, ते बघून समोरची इंजिनंही निघाली, आणि एक्सप्रेसने त्यांना मागून गाठलं. डब्यांतले दिवे गॅसचे होते, आग लागली. बारा माणसं गेली. चौकशी करणारे मेजर प्रिंगल यांनी अशा जागी ट्रॅक सर्किट बसवण्याची शिफारस केली आणि मिडलँड रेल्वेने ती मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. पुढे ट्रॅक सर्किट असलेल्या सिग्नलच्या खांबावर पांढरी चौकट, पत्त्यांतल्या चौकटसारखी, लावली जाऊ लागली. तिचा अर्थ: इथे केबिनमध्ये चालत जायची गरज नाही, रूळच सांगेल तुम्ही कुठे आहात ते.

मला ही पांढरी चौकट या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. तिच्याआधी ‘गाडी कुठे आहे’ याची वही माणसाच्या डोक्यात होती. चौकटीनंतर ती वही यंत्राकडे गेली. हे चांगलंच झालं, यात वाद नाही. पण ज्या दिवशी यंत्राची वही ओली होते त्या दिवशी काम पुन्हा माणसाच्या डोक्यावर येतं, आणि तोपर्यंत त्या डोक्याची सवय गेलेली असते.

आता आपल्याकडे. मुंबईत १९२५ मध्ये विजेवरची गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने व्हीटी ते भायखळा पट्ट्यात देशातले पहिले ऑटोमॅटिक रंगीत दिव्यांचे सिग्नल बसवले. इथे फिजिक्सवाल्यांसाठी एक मस्त अडचण आहे. मुंबईची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर चालायची आणि इंजिनात वापरून झालेला प्रवाह रुळांतूनच परत जायचा. ज्या रुळांत डीसीचा एवढा लोंढा वाहतोय तिथे ट्रॅक सर्किटचा चिमुकला डीसी प्रवाह ओळखणार कसा? म्हणून तिथलं ट्रॅक सर्किट एसीवर. पुढे २०१६ पर्यंत उपनगरी मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर गेले तेव्हा तीच अडचण उलटी झाली. आपण प्रवाशांनी फक्त नव्या गाड्या पाहिल्या. सिग्नल खात्याने रुळाखालचा सगळा संसार बदलला.

पावसाचं गणितही सांगून टाकतो. दोन रुळांमध्ये खडी आणि स्लीपर आहेत. कोरडी, स्वच्छ खडी जवळजवळ इन्सुलेटर असते. ती चिखलाने भरली आणि वर पाणी साचलं की एका रुळातून दुसऱ्या रुळात थेंबथेंब प्रवाह गळायला लागतो. आपल्या रेल्वेच्या सिग्नल नियमावलीत खडीचा किमान रोध स्टेशनच्या हद्दीत किलोमीटरला २ ओहम आणि दोन स्टेशनांच्या मधे ४ ओहम धरलेला असतो. डीसी ट्रॅक सर्किटने ०.५ ओहमने जोडलेले रूळ ‘गाडी’ म्हणून ओळखले पाहिजेत. म्हणजे ‘ओली खडी’ आणि ‘गाडी’ यांच्यात अंतर फार नाही. पाणी वाढलं की गळती वाढते, रिलेपर्यंत पोचणारा प्रवाह कमी होतो आणि एका क्षणी रिले पडतो. शीवला नाहीतर कुर्ल्याला पाणी भरलं की सिग्नल लाल का होतात याचं हे उत्तर. यंत्राला पाणी आणि गाडी यांतला फरक कळत नाही आणि ते शहाण्यासारखं ‘गाडी’ म्हणतं.

म्हणजे सुरक्षित बिघाड. मग प्रश्न मिटला?

नाही ना. शहर तर चालायला हवं. ऑटोमॅटिक सिग्नलच्या हद्दीत लाल सिग्नल दिसला तर आपल्याकडचा नियम असा: मोटरमनने थांबायचं, दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं. तरी लालच राहिला तर शिट्टी देऊन, गार्डशी खूण करून, अत्यंत सावधपणे पुढे निघायचं. समोर स्पष्ट दिसत असेल तर वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत, नाहीतर त्याहूनही कमी. समोर काही दिसलं तर थांबता आलं पाहिजे, हा हिशेब.

एक आकडेमोड करू. समजा पाचशे मीटरचं एक सर्किट फेल आहे. ताशी १५ ने पाचशे मीटर म्हणजे दोन मिनिटं. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या वर लांब, ती पूर्ण बाहेर पडायला आणखी एक मिनिट. आधी थांबलेलं एक मिनिट. झाली चार. गर्दीच्या वेळी मागून दर तीन मिनिटांनी गाडी येत असेल तर तासाला वीस येणार आणि एका वेळी एकच आत सोडली तर पंधरा जाणार. एका ओल्या तुकड्यामुळे तासाभरात पाच गाड्या मागे साचतात, आणि त्या साचलेल्या गाड्यांत हजारो माणसं. म्हणून नियंत्रण कक्षावर दाब येतो, स्टेशन मास्तरांवर येतो, मोटरमनवर येतो.

आणि त्या गणितात मी एक वाक्य हळूच घातलं: ‘एका वेळी एकच आत सोडली तर’. फेल झालेल्या सर्किटाचा सिग्नल गाडी असतानाही लाल आणि नसतानाही लाल. त्याच्याकडे माहिती उरलेली नाही. मागचा मोटरमन मिनिटभर थांबून नियमाप्रमाणेच आत शिरू शकतो आणि पुढची गाडी अजून आत असू शकते. दोन गाड्यांमध्ये आता उरतात फक्त मागच्या मोटरमनचे डोळे आणि त्याचा वेग. सुरक्षित बिघाडाने धोका संपवलेला नसतो, तो रुळावरून उचलून केबिनमध्ये आणि कॅबमध्ये नेऊन ठेवलेला असतो.

हा पुस्तकी मुद्दा नाही. ७ डिसेंबर १९९१ ला वेल्सकडे जाणाऱ्या सेव्हर्न बोगद्यात हेच झालं. तिथे ट्रॅक सर्किटऐवजी ॲक्सल काउंटर होते. हे यंत्र आत गेलेले आस मोजतं, बाहेर आलेले मोजतं, आणि आकडे जुळले तर रूळ रिकामा मानतं. त्यात बिघाड झाल्याने सिग्नल लाल राहिले. एका हायस्पीड गाडीला लाल ओलांडून सावकाश जायची परवानगी मिळाली. ती नियमाप्रमाणे सावकाश जात असताना मागून आलेली छोटी स्प्रिंटर गाडी तिच्यावर आदळली. मृत्यू झाला नाही, पण शंभरावर लोक जखमी झाले. मागच्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला, की दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून काउंटर शून्यावर आला आणि सिग्नल खरोखर मोकळा झाला, हे चौकशीतून पक्कं ठरलं नाही. कोणतीही शक्यता धरा, सुरुवात एका सुरक्षित बिघाडापासून होते.

आपल्याकडचं ताजं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १७ जून २०२४, उत्तर बंगालमध्ये रंगापाणीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्सप्रेसला मागून धडक दिली. त्या पट्ट्यातले ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बंद पडले होते. बिघाड नेमका कुठल्या भागात होता हे आपल्या मुद्द्यासाठी गौण आहे. सिग्नल लाल झाले, म्हणजे यंत्रणेने आपलं काम केलं. पुढे स्टेशनकडून गाड्यांना टी/ए ९१२ नावाचा कागदी परवाना दिला जात होता: अमुक अमुक सिग्नल लाल असले तरी ओलांडा. सगळेच सिग्नल बराच वेळ बंद असतील तर त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, टी/डी ९१२, ज्यात दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी सोडतात. अपघातानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत बातम्यांमधून सगळा दोष मालगाडीच्या लोको पायलटवर आला, आणि तो तर अपघातातच गेलेला. बोलणार कोण? नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्राथमिक अहवालाने चित्र बरंच बदललं. चुकीचा फॉर्म, त्यावर वेगमर्यादेचा उल्लेख नाही, आणि असा बिघाड झाल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण लोको पायलटांना आणि स्टेशन मास्तरांनाही अपुरं, असं त्यात नोंदवलं आहे.

म्हणजे रॉबिन्सनने १८७२ मध्ये रुळाचा प्रश्न सोडवला. कागदाचा नाही.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय गोष्ट अर्धी राहील. ट्रॅक सर्किट क्वचित उलट्या दिशेनेही खोटं बोलतं: गाडी आहे आणि ते म्हणतं नाही. रूळ गंजलेले असले, त्यावर पानांचा लगदा किंवा वाळूचा थर असला तर चाक आणि रूळ यांचा विजेचा संपर्कच नीट होत नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात हलक्या, डिस्क ब्रेकवाल्या डिझेल गाड्या आल्या तेव्हा हे ठळकपणे दिसलं. जुन्या गाड्यांचे ब्रेक चाकाच्या कडेवर घासायचे, त्यामुळे चाक आपोआप लखलखीत राहायचं. डिस्क ब्रेकने ते घासणं बंद झालं, चाकावर थर बसू लागला आणि काही सर्किटांना या गाड्या दिसेनाशा झाल्या. ब्रेक सुधारला आणि सिग्नल बिघडला! शेवटी त्या गाड्यांवर चाक-रूळ संपर्क सुधारणारं खास उपकरण बसवावं लागलं.

सगळ्यात बोचणारं उदाहरण वॉशिंग्टन मेट्रोचं. २२ जून २००९ ला फोर्ट टॉटन स्टेशनजवळ एक गाडी थांबलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली आणि नऊ जण गेले. पाच दिवसांपूर्वी तिथल्या ट्रॅक सर्किटाचा एक भाग बदलला होता. त्यानंतर ते सर्किट गाड्या ओळखतच नव्हतं. तरी पाच दिवस काही झालं नाही, कारण गाड्या वेगाच्या जोरावर त्या तुकड्यातून पुढच्या, चांगल्या सर्किटात पोचत होत्या. त्या दिवशी एक गाडी नेमकी त्या तुकड्यातच थांबली आणि यंत्रणेच्या लेखी नाहीशी झाली. मागची गाडी स्वयंचलित पद्धतीने चालत होती. तिला पुढे रस्ता मोकळा असल्याचं कळत राहिलं. चालक बाईंना समोरची गाडी दिसली तेव्हा त्यांनी इमर्जन्सी ब्रेक लावला, पण अंतर उरलं नव्हतं.

बिघाड नोंदलाच गेला नव्हता असं नाही. सर्किटांच्या संशयास्पद वागण्याचे अलार्म नियंत्रण कक्षात येत, पण इतके येत की कुणी त्यांच्याकडे लक्ष देईना. आणि चार वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, रॉसलिन स्टेशनजवळ असाच प्रकार थोडक्यात टळला होता. त्यानंतर तिथल्या इंजिनिअरांनी ही खोडी पकडणारी चाचणीसुद्धा तयार केली होती. ती सगळीकडे रुजवली गेली नाही, हे चौकशी मंडळाने अपघाताच्या कारणांमध्ये लिहिलं आहे.

आता दोन्ही बाजू जोडा. दहा वेळा सर्किट ‘गाडी आहे’ म्हणतं आणि दहाही वेळा ती नसते. अकराव्या वेळी केबिनमध्ये बसलेला माणूस काय समजेल?

इथून माझं काम सुरू होतं. सिम्युलेशनमध्ये ट्रॅक सर्किट बिघडवणं फार सोपं आहे, एका चलाची किंमत बदलायची. हौशी लोकांमध्ये ‘सिमसिग’ नावाचं ब्रिटिश सिग्नल केबिनांचं सिम्युलेशन लोकप्रिय आहे, त्यातही असे बिघाड घालता येतात. तुकडा लाल होतो आणि तुम्हाला चालकाशी बोलून त्याला सिग्नल ओलांडायला सांगावं लागतं. ते खेळून बघाच, शिकायला उत्तम आहे. पण तिथला चालक आज्ञाधारक आहे. सांगितलं तेवढंच करतो, सावकाश म्हटलं की सावकाश जातो.

माझ्या मॉडेलमध्ये म्हणून तीन वह्या आहेत. पहिली रुळाची: गाडी खरंच कुठे आहे. दुसरी पॅनलची: सर्किट काय म्हणतंय. या दोन वह्या वेगळ्या ठेवणं ही पहिली अट. पॅनलवर बसलेल्या पात्राला पहिली वही कधीही दिसता कामा नये, कारण खऱ्या केबिनमध्ये ती कुणालाच दिसत नाही. तिसरी वही माणसांची, आणि ती एक नाही. स्टेशन मास्तरांची वेगळी, कंट्रोलरची वेगळी, प्रत्येक चालकाची वेगळी. ‘पुढे गाडी आहे’ यावर या क्षणी त्याचा किती विश्वास आहे, एवढाच आकडा त्यात असतो. प्रत्येक खोट्या लालनंतर तो थोडा घसरतो, आणि पुढची गाडी डोळ्यांनी दिसली की उसळी मारतो. हॉज जंक्शनच्या केबिनमनकडे एवढी एकच वही होती. आपल्याकडे तीन आहेत आणि बहुतेक वेळा त्या जुळतात, म्हणून तिसरीकडे कुणी बघत नाही.

सध्या मी ज्या ठिकाणी अडकलोय ते बिघाडाच्या शेवटाचं आहे. सुरुवातीच्या क्षणासाठी नियम भरपूर आहेत. पण समजा सिग्नलवाले आले, केबल बदलली, सर्किट पूर्ववत झालं. आता सिग्नल पुन्हा खरं बोलतोय: लाल म्हणजे खरंच गाडी. मात्र पट्ट्यात अजून असा चालक आहे ज्याच्या हातात तासापूर्वीचा कागद आहे, ‘हे लाल ओलांडा’ म्हणणारा. त्याला हा बदल कोण सांगणार, कधी, कोणत्या शब्दांत? आणि त्याने त्या आधी दोन-तीन खोटे लाल ओलांडलेले असतील तर समोरच्या खऱ्या लालपाशी तो कितीसा थांबेल? मॉडेलमध्ये या काही मिनिटांसाठी मी वेगळं घड्याळ लावलंय. ते कसं चालतं ते पुढच्या पोस्टमध्ये, आकृत्यांसकट.